परबबाई आणि जानकीचं पाखरू

परबबाई मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्यांची माझ्याकडे पाठ होती. दिंडोशीच्या त्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सकाळी दुधासाठी दार उघडलं, तर समोर जिन्याच्या भिंतीला जवळजवळ नाक लावून एक बाई उभ्या. पांढऱ्या केसांचा अंबाडा, चुरगळलेली सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज आणि हातात हिंगाची रिकामी डबी. मला वाटलं, चक्कर आली असावी. "बरं वाटत नाहीये का?" मी विचारलं. त्यांनी मागे न बघता नुसता हात वर केला, वर्ग गप्प करायला बाई करतात तसा. मी गप्प झाले. मग त्यांनी डबी भिंतीवर टेकवली, तिच्याखालून एक जुनं पोस्टकार्ड सरकवलं आणि त्या वळल्या. चेहरा असा खुललेला, की मला उगाचच त्यांचं अभिनंदन करावंसं वाटलं.

"नवीन का तुम्ही?"

"हो. चारशे दोन."

"मी चारशे तीन, परब. दाराबाहेर बल्ब कुठल्या रंगाचा लावणार आहात?"

मुंबईत नवा शेजारी आला की घर स्वतःचं की भाड्याचं, हे लोक आधी विचारून घेतात. परबबाईंनी बल्बचा रंग विचारला. मी "पांढरा" म्हणाले, आणि त्या एका उत्तरावर आमची दोस्ती झाली.

बाई अंधेरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. विषय पतंग, म्हणजे दिव्याशी येतात ती पाखरं. आमच्या कॉलनीच्या मागेच जंगलाचा डोंगर. तिथली पाखरं रात्री जिन्यातल्या ट्यूबलाइटवर यायची आणि उजाडलं की भिंतींवर चिकटून बसायची. बाकीचे लोक त्यांना किडे म्हणायचे आणि चपला काढायचे. बाई पहाटे गच्चीपासून खाली उतरत एकेक मजल्याची भिंत बघत यायच्या. झाडूवाल्या मावशींना ताकीद होती, की बाई तळमजल्यावर पोचल्याशिवाय भिंतीला झाडू लावायचा नाही. मावशी ती पाळायच्या, कारण एकदा न पाळल्यावर बाईंनी त्यांना कचऱ्याच्या सुपासमोर बसवून मेलेल्या प्रत्येक पाखराची माहिती सांगितली होती. ती शिक्षा मावशींना पुन्हा नको होती.

बाईंचा एक शब्द होता, "सध्या". कुठल्याही गोष्टीबद्दल त्या ठाम काही सांगायच्या नाहीत. हे पाखरू कुठलं? "सध्या अमक्या जातीचं." डब्यातली चकली कुरकुरीत आहे का? "सध्या आहे." मतदारयादीवाला दारात आला आणि त्यानं लग्न झालंय का विचारलं, तर साठी उलटलेल्या बाई म्हणाल्या, "सध्या नाही." तो बिचारा पेन तोंडात धरून त्यांच्याकडे बघत राहिला. मी एकदा छेडलंच. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या धंद्यात आज मामा असलेला उद्या काका निघतो. कोणी नवीन पुरावा आणला की सगळी नाती बदलतात. मग कशाला छाती ठोकायची?"

हे "सध्या" फक्त एका माणसासमोर चालायचं नाही. ते माणूस म्हणजे बाईंची आई, जानकीआजी. नव्वदीच्या घरातली, मुठीएवढी बाई. लग्न होऊन कोकणातून गिरणगावातल्या चाळीत आली ती, नवरा गिरणीत होता म्हणून. गिरणी गेली, नवरा गेला, चाळ गेली, मालवणी तेवढी शाबूत राहिली. "जेवलंस?" आजी विचारायच्या. बाई भिंगातून डोकं न काढता म्हणायच्या, "सध्या नाय." "मगे कधी? माझ्या बाराव्याक जेवतलंस?" की बाई मुकाट ताटावर यायच्या.

दोघींचं कायमचं भांडण फ्रीजवरून होतं. पाखरू जिवंत असताना नीट बघायचं तर त्याला थोडा वेळ गारठ्यात ठेवावं लागतं, म्हणजे ते फडफडत नाही. त्यामुळे परबांच्या फ्रीजमध्ये हिंगाच्या, चुन्याच्या, गोळ्यांच्या डब्या ओळीनं मांडलेल्या असत. आजी मला साक्षीला बोलवायच्या. "बघ गो, पाखरां फ्रीजात आणि माझी सोलकढी भायर!" बाई म्हणायच्या, "सोलकढी उडून नाय जायत, आये."

सोसायटीच्या सभेत जिन्याला पिवळे एलईडी लावायचा ठराव आला, तेव्हा मी बाईंना पहिल्यांदा रागावलेलं पाहिलं. चेअरमन होते खरातसाहेब. कोर्टातल्या नोकरीत हयात गेलेली, त्यामुळे घरात भाजी कुठली करायची याचीही ते सुनावणी घ्यायचे. ते म्हणाले, "बाई, पिवळ्या दिव्याला किडे येत नाहीत. म्हणूनच लावतोय."

"किडे येणार नसतील तर मी इथे राहू कशाला?" बाई उभ्या राहून म्हणाल्या. "डोंगराला लागून घर घेतलं ते काय हवापालटाला?"

"पण बाकीच्या सभासदांचं काय?"

"बाकीच्यांना मी त्रास देत नाही. चौथ्या मजल्यावरची एक ट्यूब ठेवा. जो किडा येईल तो माझा पाहुणा. त्याची जबाबदारी माझी."

खरातांनी गंभीर चेहऱ्यानं इतिवृत्तात लिहून घेतलं, की चौथ्या मजल्यावर येणारे सर्व कीटक श्रीमती परब यांचे पाहुणे समजले जातील. त्यानंतर आमच्या मजल्यावर झुरळ निघालं तरी लोक बाईंची बेल वाजवायचे.

याच ट्यूबखाली बाईंना त्यांचं पाखरू सापडलं होतं, मी राहायला येण्याच्या आधी. दिसायला अगदी साधं. जाडसर अंगाचं, तपकिरी, पंखांवर कुणी राखेचा हात पुसावा तसा करडा पट्टा. मी रस्त्यात पाहिलं असतं तर वाळकं पान समजून पुढे गेले असते. पण बाईंना ते कुठल्याच यादीत बसेना. कधी एखाद्या पावसाळ्यात एखादं यायचं, मग बराच काळ काहीच नाही. जी आली ती सगळ्या माद्या. एवढ्या पुराव्यावर नवी जात जाहीर करणं धाडसाचं होतं, हे बाईंना माहीत होतं. त्यांनी मोठमोठ्या संग्रहांतले नमुने तपासले, परदेशातल्या लोकांना फोटो पाठवले, आणि शेवटी शोधनिबंध लिहून ती जात नवी म्हणून जाहीर केली. नाव ठेवलं आईचं. जानकी, पुढे लॅटिन शेपूट.

आजींना हे कळलं तेव्हा घरात रामायण झालं. "किड्याक माझा नाव? कोणा शत्रूचा दी!" दोन दिवस त्या लेकीशी बोलल्या नाहीत. मग बाईंनी पाखराचा मोठा फोटो फ्रेम करून आणला. आजींनी तो मांडीवर घेतला, पदरानं काच पुसली आणि म्हणाल्या, "गुणी दिसता गो." तेव्हापासून भाजीवाला, डॉक्टर, गॅसवाला, कुणाचीही सुटका नव्हती. "माझ्या नावाचा पाखरू आसा," आजी सांगायच्या, "इंग्लिशीत."

सोसायटीनं बाईंचा सत्कार ठेवला, तेव्हा मी नवी सभासद म्हणून खुर्च्या लावायला होते. स्टेजमागे टोलेजंग बॅनर. त्यावर बाईंचा फोटो आणि शेजारी निळंजांभळं, झगमगीत फुलपाखरू. बॅनरवाल्यानं नेटवरून जे सुंदर दिसलं ते उचललं होतं. खरातांनी शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. बाई माइकवर आल्या, बॅनरकडे वळून बघितलं आणि म्हणाल्या, "हे जे मागे आहे ते जानकी नाही. ते अमेरिकेतलं फुलपाखरू आहे. त्याचाही सत्कार करायला माझी हरकत नाही, पण ते आलेलं दिसत नाही." लोक हसले. आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या मात्र बॅनर बघून मला म्हणाल्या, "माझा साधा ताच बरा."

इथवर सगळं झकास होतं. मग एका सकाळी बाईंनी माझी बेल दाबून धरली. मी कणकेच्या हातानं दार उघडलं. "या," एवढंच म्हणाल्या. मीटरच्या पेटीशेजारी भिंतीवर दोन पाखरं शेपटीला शेपूट जोडून बसली होती. एक जानकी, मलाही ओळखू आली. दुसरं तिच्या निम्मं, केशरी पंखांचं, कंगव्यासारख्या मिशा असलेलं.

"हे कोण?" मी विचारलं.

"हे नागपूर," बाई म्हणाल्या.

नागपूर म्हणजे वैद्यसर. तिकडच्या जंगलातली पाखरं तपासण्यात त्यांनी जन्म घालवलेला. या केशरी पाखराला त्यांनी नवी जात म्हणून नाव दिलं होतं, बाईंच्या थोडं आधी. त्यांना मिळालेले सगळे नर. बाईंकडे सगळ्या माद्या. दोघांची पाखरं दिसायला इतकी वेगळी, की ही दोन घराणी आहेत यात दोघांनाही शंका आली नाही. फोनवर ते दोघे एरवी तासन्‌तास वाद घालायचे, पण या दोन पाखरांचा विषय एका वाक्यात कधी आला नव्हता.

"म्हणजे त्यांच्याकडे सगळे नवरे, माझ्याकडे सगळ्या बायका," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आणि मी तर बाईला नवऱ्यापासून तोडून वेगळ्या कुळातच नेऊन बसवलंय. सध्या तरी तसं दिसतंय."

एवढ्यात खरात पाण्याची टाकी बघून गच्चीवरून उतरले. त्यांनी सगळं प्रकरण ऐकून घेतलं, चष्मा काढला, जिन्याच्या वर-खाली पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, साक्षीदार कोण? मी आणि ह्या. आम्ही काही पाहिलेलं नाही."

"अहो खरात!"

"संशयाचा फायदा आरोपीला मिळतो."

"आरोपी कोण?"

"तुम्ही."

बाई इतक्या हसल्या, की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मग म्हणाल्या, "संशय आहे, हे खरंय. पाखरंही चुकतात. अंधारात भलत्याशीच जमतं कधीकधी, माणसांत होतं तसं. तेव्हा नुसतं जमलं म्हणजे पुरावा झाला असं नाही."

"मग झालं तर," मी म्हणाले. "सोडून द्या."

"सोडून देता येईल," बाई म्हणाल्या. "किंवा हिची अंडी घेऊन पोरं वाढवायची. एकाच आईच्या पोटचे मुलगे नागपूरसारखे निघाले आणि मुली जानकीसारख्या, तर विषय संपला. जात एकच. नावही एकच राहणार."

"कुठलं?"

"आधी ठेवलेलं. आमच्याकडे तो कायदाच आहे. आधीचं नाव खरं, मागाहून ठेवलेलं बाद. मग मागचं कितीही लाडकं असलं तरी."

आधीचं वैद्यांचं होतं. म्हणजे जानकी जाणार होती, आणि तिला घालवायचं की नाही हे फक्त बाईंच्या हातात होतं. मी म्हटलं, "कशाला मग वाढवताय? कुणाला कळणार आहे?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं ते रागानं नाही, पण मला परत विचारायचा धीर झाला नाही. "आणि ही दोघं कोण आहेत, ते मला कधी कळणार?" त्या म्हणाल्या आणि डबी आणायला आत गेल्या.

मादीनं डब्यात अंडी घातली, आणि परबांच्या गॅलरीत सूतिकागृह सुरू झालं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, मलमलीची झाकणं लावून, केसाळ सुरवंट करंजाची पानं चरायला लागले. करंजाचं झाड एकच, सोसायटीच्या गेटपाशी, आणि त्याची छाटणी त्याच आठवड्यात ठरलेली. खरातांनी छाटणीला स्थगिती दिली. आरोपीला सोडवायला निघालेला हा माणूस रोज सकाळी स्वतः कोवळी पानं तोडून चौथ्या मजल्यावर आणून द्यायचा. "न्यायाचं काम आहे," म्हणायचा, "पुरावा उपाशी राहता कामा नये."

अख्खी इमारत यात गुंतली. कुणी विचारायचं, "बाई, पोरं काय म्हणतात?" कुणी गावाहून आणलेली करंजाची फांदी द्यायचं. दमट हवेनं सुरवंटांना बुरशी लागायला लागली, तेव्हा बाई एकेक पान जुन्या साडीच्या तुकड्यानं पुसून कोरडं करायच्या. तरी बरेच गेले. मेलेला सुरवंट चिमट्यात धरून बाई "अरेरे" म्हणायच्या तेव्हा त्यांचा आवाज खरंच पडलेला असायचा.

आणि या सगळ्यावर राखणीला कोण, तर जानकीआजी. गॅलरीत खुर्ची टाकून त्या दिवसभर डब्यांपाशी बसायच्या, कावळे हाकलायच्या, मुंग्यांसाठी हळदीची रेघ ओढायच्या. "माझी नातवंडां ती," मला सांगायच्या. "ह्येका लगीन करूक वेळ नाय गावलो, पण नातवंडां दिल्यान." कशाचा निकाल लागणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी आजींना पानं पुसताना बघायची आणि निकालाचा विषय निघायच्या आत घरी पळायची.

कोष झाले. वाट बघणं सुरू झालं. नर बहुधा आधी निघतात, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. पहिली निघाली ती जानकी. मग आणखी एक जानकी. मग तिसरी. खरात पेढे घेऊन आले. "निकाल तुमच्या बाजूनं, बाई!" बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "मुली जानकीसारख्या निघणारच. खटला मुलग्यांचा आहे." तरी त्यांनाही थोडी आशा वाटायला लागली होती. पेढा त्यांनी दुसराही घेतला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी कढीपत्ता मागायला गेले, तर बाई गॅलरीत उकिडव्या बसलेल्या. डब्यात एक ओलं, चुरगळलेलं पाखरू काडीला लोंबत होतं. आकारानं लहान. मिशा कंगव्याच्या. त्याचे पंख हळूहळू ताठ होत गेले, आणि जसजसे ताठ झाले तसतसा आत केशरी रंग दिसायला लागला.

"नागपूर," बाई म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या हसतही होत्या. "वाईट वाटतंय हो," त्यांनी सरळ सांगितलं. "खूप वाईट वाटतंय. पण काय देखणा आहे बघा! आणि ही दोघं नवराबायको आहेत हे आजवर कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. या क्षणी जगात ते फक्त आपल्या दोघींना माहीत आहे." मी कढीपत्ता न घेताच घरी आले. त्या दिवशीची आमटी तशीच झाली.

बाईंनी कळवल्यावर वैद्यसरांचा फोन आला, तेव्हा मी बाईंकडेच चहा पीत होते. माणूस दिलदार. "परबबाई, माझं नाव टिकलं म्हणून मी काही उड्या मारणार नाही," ते म्हणाले. स्पीकर लावलेला होता. "निबंध आपण दोघांनी मिळून लिहू." बाई म्हणाल्या, "लिहू या. आणि कूळ माझं धरू या." तिथे फिसकटलं. कूळ म्हणजे जातीच्या नावाआधी लागणारं घराण्याचं नाव. पाखरू एकच हे दोघांना मान्य, पण ते वैद्यांच्या कुळात बसतं की बाईंच्या, की दोन्ही सोडून तिसऱ्याच, यावर दोघे तासभर भांडले. चहा गार झाला. शेवटी निबंधात कुळापुढे प्रश्नचिन्ह छापायचं ठरलं, आणि बाई फोन ठेवून खुशीत म्हणाल्या, "बघा, नवरा मिळाला तरी बाईचं घर कुठलं ते काही ठरत नाही!"

निबंधातलं जानकी हे नाव बाद झाल्याचं वाक्य बाईंनी स्वतः लिहिलं. वैद्यांना लिहू दिलं नाही. निबंध छापून आला, जगभरच्या पाखरूवाल्यांना कळलं, आमच्या वॉचमनला कळलं. कळलं नाही ते एकट्या आजींना.

"त्यांना सांगणार कधी?" मी एकदा जिन्यात विचारलं. बाई कठड्याला टेकल्या. त्यांना इतकं उदास मी कधी पाहिलं नव्हतं.

"जगाला सांगितलं हो, तिला नाही सांगवत. चाळीतली खोली बाबांच्या नावावर होती. हे घर माझ्या. दारावर पाटी परब. उभ्या आयुष्यात तिच्या नावावर काही नव्हतं. म्हणून तर ते नाव ठेवलं होतं मी. आता तेही मीच काढून घेतलं. कुठल्या तोंडानं सांगू?"

मग इमारतीनं ते गुपित सांभाळलं. खरातांच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, पण आजी दिसल्या की तेही हवापाण्यावर बोलायचे. आजी भाजीवाल्याला सांगत राहिल्या, माझ्या नावाचा पाखरू आसा. भाजीवाला "हाँ आजी, मालूम है" म्हणत राहिला. बाई शेजारी उभ्या राहून भेंडीची टोकं मोडत राहिल्या.

इमारत पुनर्विकासाला गेली. आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. बाईंनी मात्र ठरवलं, की कणकवलीकडे गावातलं घर दुरुस्त करून आईला घेऊन तिथेच राहायचं. "तिथे ट्यूब कुठली ठेवायची याची सभा होत नाही," त्या म्हणाल्या. जाण्याच्या दिवशी मी आणि खरात मदतीला होतो. घरात खोकीच खोकी. आजी नेसून-सवरून खुर्चीत बसल्या होत्या. भिंतीवर शेवटची राहिली होती ती पाखराची फ्रेम. खरातांनी ती काढून वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली, तर आजी म्हणाल्या, "ती गुंडाळू नको. ती मी मांडयेर घेऊन बसतलंय. गावात धाकल्या जावेक दाखवची आसा."

बाई खोक्याला दोरी बांधत होत्या. त्यांनी दोरी सोडली आणि आईच्या पुढ्यात एका गाठोड्यावर बसल्या.

"आये, तुका एक सांगायचा आसा."

"सांग."

"त्या पाखराचा नाव आता जानकी ऱ्हवला नाय."

आजींनी फ्रेमकडे पाहिलं. "मेला?"

"मेला नाय गो. त्येचो घोव गावलो. घोवाचा नाव आधी ठेवलला होता. म्हणान आता दोघांकय ताच नाव. तुझा नाव मीच काढलंय."

खरात फ्रेम धरून जागच्या जागी उभे राहिले. मी खोक्यावरची चिकटपट्टी उगाचच पुन्हा दाबली.

"घोव बरो आसा?" आजींनी विचारलं.

"बरो आसा. केशरी पंखांचो."

"मगे झाला तर. लगीन झाल्यार बायलेचा नाव बदलताच. त्यात रडाक काय झाला?"

बाई खरोखरच रडत होत्या. "पण ता तुझा नाव होता, आये."

"माझा खंय?" आजी म्हणाल्या. "जानकी ह्या तुझ्या बापाशीन लग्नात ठेवललां. ताटात तांदूळ पसरल्यान, आंगठयेन नाव लिवल्यान आणि मी जानकी झालंय. माका कोणी इचारूक नाय. माझा नाव आवडू."

बाई आईकडे बघत राहिल्या. मामा आले की आईला आवडू म्हणून हाक मारायचे, हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं, असं त्या मला नंतर खाली म्हणाल्या. लाडाचं नाव असेल, असं धरून त्यांनी ते सोडून दिलं होतं. पाखराच्या एका पायावरचे केस पाच ठिकाणी पडताळून बघणाऱ्या बाईंनी हे एक कधी विचारलं नव्हतं.

"म्हणजे आवडू आधीचं?" त्यांनी विचारलं, मालवणी सोडून, वर्गात विचारतात तशा मराठीत.

"आधीचा म्हणजे काय, जन्माक इलंय तेव्हाचा."

"आणि जानकी मागाहून."

"मागसून."

खाली गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला. खरात फ्रेम माझ्या हातात देऊन त्याच्यावर ओरडायला खिडकीकडे गेले. बाईंनी पदरानं तोंड पुसलं, उठल्या आणि आईपुढे हात केला.

"चल गो, आवडू. गाडी इली."

आजींनी मान वर करून लेकीकडे बघितलं. त्यांचा शेवटचा भाऊ गेल्यापासून त्या नावानं त्यांना कुणी बोलावलं नसावं. त्या लाजल्या. नव्वदीची ती बाई अगदी नव्या नवरीसारखी लाजली, पदर डोक्यावर सारखा केला आणि लेकीचा हात धरून उभी राहिली.

"इलंय," म्हणाली.